कुटुंबीय, जागा क्रमांक सात

बहिणीने साताऱ्याहून विचारलं,
"कमिशनवर घेतलं म्हणे तुला. किती टक्के?"
आयोग गं, म्हटलं. मानसिक आरोग्याचा. बिनपगारी.
"बरं झालं," ती म्हणाली, आणि
बराच वेळ हळदीच्या भावाबद्दल बोलत राहिली.

अर्जात तीन चौकोन होते:
उपचार घेतलेली व्यक्ती,
अशा व्यक्तीच्या घरचं माणूस,
यांपैकी कोणी नाही.
अकरा वर्षं मी तिसऱ्यात मुक्काम केला,
बदामाच्या कारखान्यात हिशेब लिहिताना,
पाटणकरांकडे दिवाळीच्या फराळाला:
"निनाद ना? बाहेरगावी असतो. प्रोजेक्ट चालू आहे."
त्या मंगळवारी पेन दुसऱ्या चौकोनावर टेकलं
आणि शाई जरा जास्तच पसरली.

कालव्याच्या दुरुस्तीनंतर, कुत्र्यांच्या परवान्याआधी
माझी नेमणूक झाली. पाच विरुद्ध शून्य.
क्षेमकल्याणी. 'क्ष'पाशीच अध्यक्ष घसरले,
क्षेम राहिलं, कल्याणही राहिलं,
नुसतं "मिसेस के" इतिवृत्तात गेलं.

मोडेस्टोच्या कमानीवर दिव्यांनी लिहिलंय:
पाणी, संपत्ती, समाधान, आरोग्य.
आरोग्य शेवटी.
जागा उरली म्हणून घेतल्यासारखं.

प्रशिक्षण दोन शनिवार, ग्रंथालयाच्या तळघरात.
वेंडेल ऑस्ट्रँडर, निवृत्त मास्तर, खिशात खडू नसूनही
बोटं झटकत शिकवायचे:
ठराव कसा मांडावा, हरकत कशी घ्यावी,
कोरम होईल इतक्या जणांनी पार्किंगमध्ये
कामाचं का बोलू नये.
'रुग्ण' म्हणू नका, 'ग्राहक' म्हणा.
मी वहीत ग्राहक लिहिलं, आणि आठवली
आमच्या पेठेतल्या दुकानातली पाटी,
ग्राहक हा आमचा देव,
खाली तिरक्या अक्षरात: आज रोख, उद्या उधार.

शेजारी शमीराम ओडिशो, टरलॉकची, असिरियन,
डब्यातून खजुराच्या कुकीज पुढे सरकवत पुटपुटली,
"आमच्यात नवऱ्याच्या आजाराला 'नजर लागली' म्हणतात."
आमच्यातही, मी म्हटलं. आणि आम्ही दोघी
तळघरात उगाचच हसलो.
वेंडेल म्हणाले, सभेत एका वेळी एकानेच.

मग पाहणी.
निनाद तीनदा ज्या दारातून आत गेला
त्याच दारातून मी, गळ्यात बिल्ला, हातात यादी.
पिण्याचं पाणी: आहे.
हक्कांचा फलक: आहे, चार भाषांत.
दूरध्वनी: आहे.
भिंतीवर, कमरेच्या उंचीला.
वायर जेमतेम वीतभर.
नर्स म्हणाली, सुरक्षेसाठी, लांब ठेवता येत नाही.
मी रिसीव्हर उचलला.
कानाला लावायचा तर कंबरेतून वाकावं लागत होतं,
छाती दबत होती, आवाज आत जात होता.

इतकी वर्षं वाटायचं, पोरगा कुजबुजतो.
लाजेनं. किंवा माझ्यावरच्या रागानं.
मी इकडून ओरडायचे, "नीट बोल ना!"

यादीत 'आहे'वर खूण होती.
समासात मी लिहिलं: फोन दोन फूट वर घ्या.
लिहिताना इंग्रजी स्पेलिंग चुकलं.

त्या रात्री निनाद गराजच्या खोलीतून
ताट ठेवायला आला. "काय शिकवलं आज?"
अनुमोदन.
"म्हणजे?"
एकाने काही मांडलं की दुसऱ्याने म्हणायचं,
मी अनुमोदन देते.
पटायलाच हवं असं नाही.
बोलणं पुढे जावं, एवढ्यासाठी.

तो नळाखाली ताट धरून उभा राहिला,
पाणी वाहत होतं, दुष्काळाचं बिल डोळ्यांपुढे आलं,
मी गप्प बसले.

"मग मी मांडतो एक," तो म्हणाला.
"माझ्या खोलीत येताना दार वाजवायचं."

अरे पण,
एवढं ओठांपर्यंत आलं होतं.